पॅनेलवर बस, पण आधी दोन गोष्टी लेखी घे

पत्र: मी मूळची साताऱ्याची, वय २३. सप्टेंबरपासून लीड्समध्ये फूड सायन्सचं एक वर्षाचं एम.एस्सी. करते आहे, स्टुडंट व्हिसावर. आठवड्याला १६ तास कॅफेत काम करते. तरुणांच्या मानसिक आरोग्यावरच्या संशोधनाला निधी देणाऱ्या एका संस्थेची जाहिरात कॅम्पसवर लागली आहे. १६ ते २५ वयाच्या मुलामुलींचं पॅनेल, संशोधकांचे अर्ज वाचून मत द्यायचं, तासाला २५ पौंड. मैत्रीण म्हणते, ही फसवणूक असणार. वर्गातला एक जण म्हणतो, व्हिसावर चालत नाही. दुसरा म्हणतो, पैशांऐवजी व्हाउचर घे, म्हणजे प्रश्नच नाही. मला संशोधनातलं फारसं कळत नाही. बारावीनंतर वर्षभर मला नैराश्याचा त्रास झाला होता, एवढीच काय ती पात्रता. अर्ज करू का? आणि साताऱ्यात एफवायला असलेल्या भावाला असं काही मिळेल का?

उत्तर:

अर्ज कर. मात्र 'हो' म्हणण्याआधी संस्थेकडून दोन गोष्टी लेखी माग: पैसे कोणत्या वाटेने येणार, आणि तुझं मत कुठपर्यंत जाणार. पहिल्या गोष्टीवर तुझा व्हिसा अवलंबून आहे. दुसरीवरून कळेल, की तिथे तुझं खरंच ऐकणार आहेत की फोटोपुरतं बोलावत आहेत.

आधी मैत्रिणीची शंका. असं काम ब्रिटनमध्ये नवीन नाही. तिथल्या सरकारी आरोग्य संशोधन निधीसाठी, म्हणजे एनआयएचआरकडे, अर्ज करताना संशोधकाला सोप्या इंग्रजीत सारांश द्यावा लागतो आणि रुग्णांना, सामान्य लोकांना आखणीत कसं सामील केलं हेही लिहावं लागतं. मुलांच्या रुग्णालयांना जोडलेले जनरेशन-आर या जाळ्यातले तरुणांचे सल्लागार गट २००६ पासून औषधचाचण्यांची माहितीपत्रकं वाचून संशोधकांना सुधारणा सांगत आले आहेत. दरही काही हवेतला नाही. एनआयएचआरच्या मार्गदर्शनात बरीच वर्षं चालत आलेले आकडे असे आहेत: साधारण तासाभराच्या कामाला २५ पौंड, थोडी तयारी लागणाऱ्या दोन तासांच्या कामाला ५०, अर्ध्या दिवसाला ७५, पूर्ण दिवसाला १५०. इतर निधिसंस्थाही याच्याच आसपास देतात.

तरी खात्री कर. संस्था इंग्लंड किंवा वेल्समधली धर्मादाय असेल, तर चॅरिटी कमिशनच्या नोंदवहीत तिचा क्रमांक घालून बघ. हिशेब आणि विश्वस्तांची नावं तिथे दिसतात. जाहिरातीतला ईमेल संस्थेच्या स्वतःच्या पत्त्याचा आहे ना, तेही पाहा. नोंदणी शुल्क, प्रशिक्षणाचे पैसे किंवा निवड होण्याआधीच बँकेचे तपशील मागितले, तर तिथेच थांब. निवड झाल्यावर फॉर्मवर खाते क्रमांक मागणं मात्र नेहमीचं आहे.

आता व्हिसा. इथे वर्गातले दोघेही अर्धवट सांगताहेत, आणि चूक झाली तर किंमत तुला मोजावी लागेल. पदवी किंवा त्यापुढच्या अभ्यासक्रमाला असलेल्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येतं. आठवडा सोमवार ते रविवार धरतात. सरासरी चालत नाही; एका आठवड्यात २३ तास आणि पुढच्यात १७ केले, तर पहिल्या आठवड्यात नियम मोडलाच. आणखी एक बंदी अनेकांच्या लक्षात येत नाही: स्टुडंट व्हिसावर स्वयंरोजगार करता येत नाही. म्हणजे फ्रीलान्स, सल्लागार, इन्व्हॉइस (कामाचं बिल) पाठवून घेतलेले पैसे, सगळं बाद.

पॅनेलच्या कामात पाय नेमका इथेच अडकतो. एखादी संस्था पॅनेलवरच्या मुलांना तात्पुरते कर्मचारी म्हणून पेरोलवर, म्हणजे पगारपत्रकावर, घेते. दुसरी एक साधा दावा फॉर्म भरून घेते आणि त्याच फॉर्ममध्ये खाली बारीक अक्षरांत 'मी स्वयंरोजगारित आहे, कर भरण्याची जबाबदारी माझी' अशी ओळ असते. कुणाच्या मनात काही वाईट नसतं. लेखा विभागाकडे पॅनेलसाठी वेगळा फॉर्म नसतो, म्हणून कंत्राटदारांचाच पुढे करतात. ब्रिटिश मुलं त्यावर न वाचता सही करतात आणि त्यांचं काही बिघडत नाही. तुझी सही मात्र स्वतःच्या व्हिसाच्या अटीविरुद्धचा लेखी पुरावा ठरेल. अट मोडल्याचं आढळलं तर व्हिसा रद्द होऊ शकतो.

व्हाउचरने प्रश्न सुटत नाही. कामाच्या बदल्यात मिळालेलं व्हाउचर हा मोबदलाच आहे, कागदाचा रंग तेवढा वेगळा. 'स्वयंसेवक म्हणून करते' असं म्हणायचं असेल तर खरोखर फक्त प्रवास-जेवणाचा झालेला खर्चच घ्यावा लागतो आणि यायलाच हवं असं बंधन असता कामा नये. बिनपगारी, पण ठरलेल्या जबाबदारीचं काम असेल, तर ते २० तासांत मोजलं जातं.

म्हणून संस्थेला पाठवायच्या ईमेलमध्ये स्वच्छ लिही: मी स्टुडंट व्हिसावर आहे, स्वयंरोजगार आणि इन्व्हॉइस मला चालत नाही, तुम्ही मला पेरोलवरून पैसे देऊ शकता का, आणि करार तात्पुरत्या कामाचा असेल का? 'हो' आलं तर ते तुझा काम करण्याचा हक्क तपासतील. त्यासाठी ई-व्हिसाच्या खात्यातून शेअर कोड काढून द्यायचा. तो नऊ अक्षर-अंकांचा असतो आणि ९० दिवस चालतो. 'नाही' आलं तर खर्चापुरतं स्वयंसेवक म्हणून घेणार का, ते विचार. दोन्ही नाही म्हणाले तर सोडून दे.

उत्तर आलं की ईमेल आणि करार घेऊन विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी सल्ला विभागात जा आणि त्यांचं म्हणणं ईमेलवर घे. इथे लिहिलेले नियम सर्वांसाठी प्रसिद्ध झालेले आहेत, पण तुझ्या कराराला ते कसे लागू होतात हे सांगण्याचा अधिकार मान्यताप्राप्त सल्लागाराचा. मराठी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात यावर मत मागू नकोस. तिथे भाड्याची खोली छान मिळते, व्हिसाचा सल्ला नाही.

आणखी एक गोष्ट, कारण तुझं एम.एस्सी. एका वर्षाचं आहे. उन्हाळ्यात पदवीची मुलं सुट्टीवर असतात आणि पूर्णवेळ काम करतात. तुझा उन्हाळा प्रबंधाचा. तो सत्रातच धरला जातो आणि २० तासांची मर्यादा अभ्यासक्रम संपेपर्यंत कायम राहते. जूनमध्ये सहाध्यायांना बघून जास्त तास घेणारे दरवर्षी याच ठिकाणी फसतात.

आता प्रत्यक्ष तास मोज. समजा बैठकीआधी सहा अर्ज आले. एक अर्ज वाचून टिपणं काढायला पाऊण तास धर, म्हणजे साडेचार तास. बैठक दोन तासांची. एकूण साडेसहा. कॅफेचे १६ मिळवले तर साडेबावीस, म्हणजे मर्यादा ओलांडली. तीन अर्ज आधीच्या शनिवार-रविवारी वाचले, तर तो आठवडा सव्वाअठरा तासांचा होतो, ठीक. उरलेले तीन आणि बैठक मिळून सव्वाचार तास. १६ मध्ये मिळवले की सव्वावीस. पंधरा मिनिटं जास्तच! तेव्हा बैठकीच्या आठवड्यात कॅफेतली एक पाळी सोडायची हे आधीच मालकाला सांगून ठेव. तारीख, काम आणि तास अशी वही ठेव. घरी बसून केलेलं वाचनही कामच, तेही त्यात लिही.

हाच हिशेब पैशाचाही आहे. जाहिरातीत 'तासाला २५' लिहिलं असलं तरी वाचनाचे तास मोजणार का, हे विचारल्याशिवाय कळत नाही. फक्त बैठकीचेच पैसे मिळाले तर साडेसहा तासांचे ५० पौंड, म्हणजे तासाला ७.६९. २१ वर्षं आणि त्यापुढच्यांसाठी किमान वेतन एप्रिल २०२५ पासून १२.२१ आणि एप्रिल २०२६ पासून १२.७१ पौंड आहे. चांगल्या संस्था वाचनाचे तास आधीच ठरवून त्याचे पैसे देतात. विचारायला संकोच वाटू देऊ नकोस. हा प्रश्न त्यांना अपेक्षित असतो.

पेरोलवर नाव लागताना 'स्टार्टर चेकलिस्ट' हा नव्या कर्मचाऱ्याचा करासाठीचा फॉर्म भरावा लागेल. तुझी कॅफेची नोकरी आहे, म्हणून खरं उत्तर 'सी' हा पर्याय. मग या कमाईवर सरसकट २० टक्के कर कापला जाईल. १५० पौंडांतले ३० जातील. घाबरू नकोस. वर्षभराची एकूण कमाई १२,५७० पौंडांच्या आत असेल तर हा कर परत मिळतो, मात्र पगाराच्या पावत्या आणि वर्षअखेरीचा पी-६० (वर्षभराचा पगार आणि कापलेला कर दाखवणारा दाखला) जपून ठेव. प्रवासाची तिकिटं शक्यतो त्यांनाच काढायला सांग. लीड्स ते लंडन रेल्वेचं तिकीट आपल्या खिशातून काढून सहा आठवडे परताव्याची वाट बघणं विद्यार्थ्याला परवडत नाही, आणि विद्यापीठांच्या लेखा विभागात एवढा वेळ सहज जातो.

आता दुसरी लेखी गोष्ट, मताची. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या लॉरा लंडी यांनी २००७ साली मुलांच्या सहभागाची चार अंगं मांडली: बोलायला जागा, बोलण्याची सोय, ऐकणारा माणूस, आणि त्या बोलण्याचा परिणाम. पहिल्या दोन गोष्टी बहुतेक पॅनेलवर व्यवस्थित असतात. पिझ्झा असतो, रंगीत चिठ्ठ्या असतात, सगळे प्रेमाने बोलतात. घोडं अडतं ते पुढच्या दोनवर. म्हणून विचार: अंतिम निर्णय कोण घेतं? त्या बैठकीत आमच्यातलं कोणी बसतं का, आणि एकच की दोघं? आम्ही अर्जांना दिलेल्या गुणांचं वजन किती? मागच्या फेरीत पॅनेलमुळे कोणता निर्णय बदलला? शेवटच्या प्रश्नाला एक ठोस उदाहरण मिळालं तर बिनधास्त जा. 'तुमचा आवाज आम्हाला फार मोलाचा आहे' एवढंच मिळालं तर समजून घे, की निर्णय झाल्यावर तुम्हाला दाखवला जाणार आहे. तरीही शिकण्यासाठी जायला हरकत नाही, पण डोळे उघडे ठेवून.

निधीवाटपाची सत्ताच तरुणांच्या हाती देता येते, हे कुठे झालेलंच नाही असंही नाही. फ्रीडा या तरुण स्त्रीवादी गटांसाठीच्या निधीत अर्ज करणारे गटच एकमेकांचे अर्ज वाचून मतदान करतात आणि त्यातून निधी कुणाला जाणार ते ठरतं. तुझ्या पॅनेलकडून एवढी अपेक्षा धरू नकोस. पण कुणी 'तरुणांना निर्णय झेपत नाहीत' म्हणालं, तर हे उदाहरण जवळ असू दे.

'संशोधनातलं कळत नाही' असं तू लिहितेस. संख्याशास्त्र तपासायला त्यांच्याकडे प्राध्यापक आहेत. तुला वाचायचंय ते भाग घेणाऱ्या पोरीच्या जागी बसून. मानसिक आरोग्याच्या अर्जांत पीएचक्यू-९ ही प्रश्नावली वारंवार दिसेल: नऊ प्रश्न, मागच्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. त्यातला नववा प्रश्न जीव नकोसा होण्याच्या, स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. संशोधक लिहितात, 'सहभागी मुलं ही प्रश्नावली मोबाइलवर भरतील.' मग रात्री दोन वाजता एखाद्या मुलीने नवव्या प्रश्नाला ३ गुण दिले, तर ते उत्तर कोण बघणार आणि कधी? सोमवारी सकाळी? हे अर्जात लिहिलेलं नसेल तर ती गंभीर उणीव आहे. अशा रात्री ज्याने काढल्यात त्याच्या ती चटकन लक्षात येते.

तसंच बाकीचं. बारा आठवडे दर मंगळवारी दुपारी तीनला क्लिनिकमध्ये यायचं असेल, तर शाळेतली मुलं कशी येणार? बसचं भाडं अर्जाच्या अंदाजपत्रकात आहे का? 'इंग्रजी अस्खलित असणारेच घेऊ' असं लिहिलं असेल, तर कोण कोण बाहेर राहिलं? यात तुझं मराठीपण कामाचं आहे. आपल्याकडे घरात 'डिप्रेशन' हा शब्द क्वचित येतो; 'टेन्शन आलंय', 'मन लागत नाही', 'डोकं जड झालंय', 'जेवण जात नाही' असं म्हणतात. स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांना घ्यायचं म्हणणारा संशोधक हे कसं पकडणार, हा प्रश्न खोलीत कदाचित तूच विचारशील.

शेरा लिहिताना तीन गोष्टी एकत्र ठेव: अर्जातली जागा, अडचण, आणि उपाय. 'प्रश्नावल्या फार आहेत' हा शेरा वाया जातो. त्याऐवजी: 'विभाग ४: सहा महिन्यांत पाच वेळा ६०-६० प्रश्न आहेत. नैराश्यात एकाग्रता कमी होते, तिसऱ्या वेळेपासून मुलं गळतील. मधल्या तीन वेळा फक्त मुख्य नऊ प्रश्न ठेवावेत.' असं लिहिलं की समितीला ते संशोधकापुढे अट म्हणून ठेवता येतं.

दोन पथ्यं सांभाळ. अर्ज गोपनीय असतात. आईला, मैत्रिणीला, कुणालाच दाखवायचे नाहीत. सारांश काढायला ते चॅटजीपीटीत टाकायचे तर अजिबात नाहीत. ब्रिटनमधल्या मोठ्या निधिसंस्थांनी सप्टेंबर २०२३ मध्ये एकत्र निवेदन काढून परीक्षकांना हे स्पष्ट मना केलं आहे. दुसरं, तुझ्या विभागाचा किंवा ओळखीच्या प्राध्यापकांचा अर्ज आला तर लगेच सांग आणि त्या चर्चेतून बाहेर राहा.

राहिलं तुझं स्वतःचं दुखणं. निवडीच्या फॉर्मवर 'तुमचा अनुभव लिहा' असं असेल. तिथे निदान, औषधं, घरातल्या गोष्टी उघड करायची गरज नाही. 'बारावीनंतर वर्षभर नैराश्य होतं. मदत शोधायला सात महिने गेले, कारण कुठे जायचं हेच घरात कुणाला माहीत नव्हतं. म्हणून मदतीपर्यंत पोचण्याच्या वाटेवरच्या संशोधनात मला रस आहे,' एवढं पुरे. महिने अर्थात तुझे खरे घाल. अनुभवातून काय दिसलं ते लिही; किती सोसलं याची तिथे स्पर्धा नाही. एखादा अर्ज वाचून जुनं वर आलं तर तो अर्ज सोडता येतो का आणि बैठकीनंतर बोलायला कोणी असतं का, हे पहिल्याच भेटीत विचार. चांगल्या पॅनेलवर यासाठी एक माणूस नेमलेला असतो. काही दिवस नाही जमलं तर कळवून थांब. त्यात तुझं काही चुकलं असं होत नाही.

पॅनेलची मुदत किती, तेही बघ. बरीच पॅनेलं एक ते दोन वर्षांची असतात आणि तुझा स्टुडंट व्हिसा त्याआधी संपेल. पुढे ग्रॅज्युएट व्हिसा (शिक्षण संपल्यावर तिथे राहून काम करण्याचा) मिळाला तर त्यावर स्वयंरोजगार चालतो. म्हणजे आज इन्व्हॉइसमुळे जे सोडावं लागेल, ते २५ च्या आत असताना पुन्हा धरता येईल.

आता भाऊ. भारतात अशी पैसे देणारी पॅनेलं अजून थोडी आहेत, हे त्याला सरळ सांग. पण दारं आहेत. एचआयव्हीवरच्या संशोधनामुळे पुण्यात समुदाय सल्लागार मंडळांची, म्हणजे संशोधकांना स्थानिक लोकांनी सल्ला देण्याची, पद्धत रुजली आहे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांतही लोकांना सामील करून घेण्यावर भर आहे. औषधचाचण्यांच्या २०१९ च्या नियमांनुसार चाचणीला मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीत किमान सात सदस्य लागतात आणि त्यांत एक सामान्य नागरिक असावा लागतो. एफवायच्या मुलाला ती जागा लगेच मिळणार नाही, पण ती आहे हे माहीत असावं. तरुणांच्या मानसिक आरोग्यावर काम करायचं असेल, तर गोव्यातली १९९६ मध्ये सुरू झालेली संगाथ ही संस्था त्याने पाहावी. तिथल्या प्रकल्पांत तरुणांना सल्लागार म्हणून घेतलं गेलं आहे.

परदेशी निधिसंस्थांची काही पॅनेलं ऑनलाइन असतात आणि भारतातल्या मुलांनाही घेतात. तो साताऱ्यात बसून काम करणार, म्हणजे ब्रिटिश व्हिसाचा प्रश्नच येत नाही. बाहेरून पैसे आले की बँक ते कशाचे आहेत हे विचारते, म्हणून नेमणुकीचं पत्र जपून ठेवावं आणि ती कमाई आपल्या उत्पन्नात दाखवावी. बैठक लंडनच्या संध्याकाळी सहाला असेल तर त्याच्याकडे हिवाळ्यात रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतील. सकाळी कॉलेज असेल तर वेळ बदलून मागायला त्याला सांग.

तुझा ईमेल मात्र आजच पाठव. पेरोलबद्दलचं उत्तर लेखा विभागाकडून यायला आठवडा-दोन आठवडे लागतात, आणि जाहिरातीची शेवटची तारीख कुणासाठी थांबत नाही.